शाळा आणि घर यांना जोडणारा दुवा

जबलपूरचे नाव निघाले की महाराष्ट्रातील वाचकांच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून शांतपणे वाहणारी नर्मदा उभी राहते. ते साहजिकच आहे. परंतु प्रवाशाने पाहिलेले जबलपूर निराळे आणि तेथे संसार करणाऱ्या माणसांचे जबलपूर निराळे. हे दुसरे जबलपूर भल्या पहाटे जागे होते. कोणी १९०४ साली स्थापन झालेल्या तोफगाडी कारखान्याच्या फाटकाकडे निघालेला असतो. जुन्या वस्त्यांतील गल्ल्यांत स्त्रिया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळावयास बसलेल्या असतात. कोठे शिलाईच्या यंत्राखालून सलवार-कुडत्यांचे कापड सरकू लागलेले असते. आणि शहराबाहेर पाटण, शहापुरा या बाजूंस हिवाळ्याच्या दिवसांत मटारच्या शेंगा तोडण्यासाठी मजुरांच्या टोळ्या शेतांत उतरलेल्या असतात. या सर्व घरांतील मुले आपापल्या शाळेच्या अंगणात प्रार्थनेला उभी राहतात, आणि मग वर्गात हजेरी सुरू होते.

हजेरी घेताना गुरुजी एक नाव उच्चारतात व उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवशीही येत नाही. आठवड्याने ते नाव पुकारताना गुरुजींचा आवाज थोडा उतरतो, आणि महिन्याभराने वर्गातील इतर मुलेही त्या रिकाम्या जागेकडे पाहावयाचे सोडून देतात. मुलाचे नाव पटावर असते, पण मूल शाळेत नसते. मुले शाळा सोडतात ती बहुधा अशीच; एखाद्या दिवशी ठरवून, निरोप घेऊन नव्हे.

हजेरीपट मूल आले नाही एवढेच सांगतो. का आले नाही, हे तो सांगू शकत नाही. त्याचे उत्तर घरी असते. ते उत्तर आणण्यासाठी त्या घरापर्यंत चालत जाणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, अशी एक व्यक्ती शाळेत असावी, या साध्या विचारातून शालेय समाजकार्यकर्त्याचा व्यवसाय जन्माला आला. आपल्याकडे हा शब्द अद्याप अपरिचित आहे. म्हणून हे काम काय आहे, ते कसे चालते आणि त्याच्या अभावी कोणाचे किती नुकसान होते, याचा थोडा विचार करू.

शिक्षकांनीच हे का करू नये?

हा प्रश्न प्रथम मनात येतो आणि तो अगदी रास्त आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने तर पालकांना नियमितपणे भेटून मुलाची हजेरी व प्रगती यांविषयी सांगणे हे शिक्षकाचे एक कर्तव्यच ठरविले आहे. अनेक शिक्षक ते निष्ठेने करतातही. गावोगाव असे गुरुजी व बाई आहेत, ज्यांच्या एका भेटीने एखाद्या मुलाचे आयुष्य मार्गाला लागले.

परंतु शिक्षकाच्या हाती किती वेळ असतो हेही पाहावयास हवे. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण कायद्याने ठरविले आहे. तीस मुले म्हणजे तीस घरे. शाळेच्या वेळात शिक्षक वर्ग सोडू शकत नाही, आणि शाळा सुटते त्या वेळी पालक कामावर असतात. निवडणूक, जनगणना व आपत्तिनिवारण ही कामे शिक्षकांकडे सोपविण्याची मुभा कायद्यातच आहे. शिवाय घरी गेल्यावर जी अडचण उघड होते ती पुष्कळदा अशी असते, की तिच्यासाठी रुग्णालयात, कामगार कल्याणाच्या कार्यालयात, बँकेत किंवा बालकल्याण समितीपुढे चार-पाच खेपा घालाव्या लागतात. त्या खेपा शिक्षकाने घातल्या तर उरलेल्या एकोणतीस मुलांचा वर्ग कोणी घ्यावा?

आणखी एक नाजूक गोष्ट आहे. पालकांच्या मनात शिक्षक हा गुण देणारा, पास-नापास करणारा माणूस असतो. त्याच्यापुढे घरातील भांडण, वडिलांचे व्यसन, कर्ज किंवा आजार यांविषयी बोलावयास माणसे कचरतात. जो गुण देत नाही आणि शिक्षाही करीत नाही, अशा माणसापाशी तीच माणसे मोकळेपणाने बोलतात.

या कामाचा उगम

अमेरिकेतील न्यूयॉर्क, बोस्टन व हार्टफर्ड या शहरांत १९०६-०७ च्या सुमारास या कामास आरंभ झाला. त्या काळी तेथे शिक्षण सक्तीचे होऊ लागले होते. दूरदेशांहून आलेल्या गरीब मजुरांची मुले शाळांत दाखल होत होती आणि तितक्याच वेगाने नाहीशीही होत होती. त्यांना पकडून आणण्यासाठी हजेरी-अधिकारी होते. पण धाकाने आणलेले मूल पुन्हा पळे. तेव्हा वस्तीत राहून काम करणाऱ्या समाजसेवकांच्या ध्यानात आले, की घराकडे चौकशी करणारा नव्हे तर घराचे ऐकून घेणारा माणूस पाठवावयास हवा. या कार्यकर्त्यांना ‘भेटी देणारे शिक्षक’ असे म्हणत. प्रथम हा खर्च खासगी संस्था करीत. १९१३ साली रॉचेस्टर शहराच्या शिक्षण मंडळाने तो स्वतः उचलला आणि या कामास शाळेच्या व्यवस्थेत अधिकृत स्थान मिळाले.

भारतात १९२९ सालच्या हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळतीकडे सर्वांचे लक्ष वेधले. पहिलीत आलेल्या मुलांपैकी पुष्कळशी वरच्या वर्गांपर्यंत पोहोचतच नाहीत, हे तिने स्पष्टपणे मांडले. पुढे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी आपल्या देशातील पहिली संस्था निघाली. आज ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. या संस्थेने लगेच दुसऱ्या वर्षी बालमार्गदर्शनाचे चिकित्सालय सुरू केले. ‘वांड’ किंवा ‘मठ्ठ’ म्हणून हिणविलेल्या मुलाकडे त्याच्या घरच्या परिस्थितीसह पाहावयाचे, ही दृष्टी त्यामागे होती. १९५५ मध्ये मुंबईतच निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय स्थापन झाले. अशा महाविद्यालयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि त्यात पुस्तकी अध्ययनाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष वस्तीत जाऊन करावयाच्या कामास दिलेले असते.

मात्र आपल्या मराठी मुलखात या कामाची खरी रुजवात झाली ती नावाशिवायच. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत का येत नाहीत, हे या दोघींनी कार्यालयात बसून ठरविले नाही. त्या पाड्यांवर गेल्या. तेथे त्यांना दिसले की थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसली आहे आणि मुलगा गुरांमागे गेला आहे. मग त्यांनी शाळेलाच पाळणाघर जोडले, म्हणजे भावंडासह ताई येऊ शकेल. आणि गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर दोष मुलाचाच असेल असे नाही, शाळेनेही एखादे पाऊल पुढे टाकावयास हवे, हा धडा कोसबाडने घालून दिला. १९८८ साली समाजकार्याच्या प्राध्यापिका रजनी परांजपे व त्यांच्या विद्यार्थिनी बीना शेठ लष्करी यांनी मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था सुरू केली. तिने हाच धडा झोपडवस्त्यांत आणि पुढे पुण्यातील बांधकामांवरील मजुरांच्या मुलांपर्यंत नेला.

तीन मुले, तीन घरे

आता पुन्हा जबलपूरकडे वळू. पुढे दिलेली तीन मुले कल्पित आहेत. त्यांच्या अडचणी मात्र कल्पित नाहीत. या परिसराची माहिती असलेल्या कोणासही त्या ओळखीच्या वाटतील.

पहिला मुलगा पाचवीतील आहे. त्याचे कुटुंब गोंड समाजाचे असून मंडल्याकडून मजुरीसाठी शहरात आले आहे. थंडी पडली की हा मुलगा महिन्यातून चार-पाच दिवस हमखास गैरहजर असतो. आला तरी खेळाच्या तासाला बाजूला बसून राहतो. वर्गात त्याला ‘आळशी’ हे नाव पडले आहे. कार्यकर्ती घरी जाते. पहिल्या भेटीत आई फारसे बोलत नाही. दुसऱ्या भेटीत ती सांगते, की रात्री याचे हातपाय इतके ठणकतात की तो रडून उठतो. कोणाची तरी दृष्ट लागली असावी असे आजीला वाटते. कार्यकर्ती आजीच्या समजुतीची टर उडवीत नाही. ती एवढेच म्हणते, “आजी, दृष्ट काढा, पण एकदा रक्तही तपासून घेऊ. उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर येते.”

तपासणीत सिकलसेल हा आजार निघू शकतो. मध्य भारतातील आदिवासी समाजांत, त्याचप्रमाणे विदर्भातही, तो पुष्कळ आढळतो. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अतिश्रम किंवा शरीरात पाणी कमी पडणे यांमुळे वेदना उसळतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो आनुवंशिक आहे आणि आई व वडील या दोघांकडूनही त्याचा दोष मुलात आल्यास तो पूर्णपणे प्रकट होतो. म्हणून केवळ सुनेच्या माथी त्याचा ठपका ठेवण्यास काडीचाही आधार नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे हेसुद्धा कार्यकर्तीचेच काम ठरते. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था १९८४ पासून जबलपुरातच आहे. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथे सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

औषधोपचार वैद्य करतील. परंतु शाळेत काय बदलावयाचे, हे कोणी तरी सांगावयास हवे. मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. लघवीला जाण्याची परवानगी नाकारू नये. थंडीत गणवेशावर जाड स्वेटर चालवून घ्यावा. त्याला दमेपर्यंत पळावयास लावू नये. आणि चुकलेले धडे एखाद्या वर्गमित्राच्या वहीतून भरून घ्यावेत. यासाठी शाळेला एक पैसाही खर्च येत नाही. पण ‘आळशी’ मुलगा ‘आजारी असूनही शिकणारा’ मुलगा होतो. एवढा फरक पडतो तो दोन गृहभेटींमुळे.

दुसरी मुलगी आठवीत आहे. वडील हयात नाहीत. आई बिड्या वळते. तेंदूची पाने व तंबाखू सट्टेदाराकडून आणावयाची, घरी बिड्या वळावयाच्या आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची, असा हा व्यवसाय. मुलीचे हात चपळ आहेत. शाळा सोडून ती दिवसभर सुपाजवळ बसली तर घरात रोज काही शे बिड्यांची भर पडते. शिक्षणहक्काच्या कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंतच आहे. नववीची शाळा घरापासून लांब आहे. मामाने एक स्थळही सुचविले आहे.

अशा घरी जाऊन स्त्रीशिक्षणाच्या महतीवर व्याख्यान देणे सोपे असते. त्याचा उपयोग मात्र होत नाही. कार्यकर्ती आईच्या शेजारी बसते आणि हिशेब विचारते. किती बिड्या होतात, किती नापास म्हणून बाजूला टाकल्या जातात, हाती काय पडते, कर्ज किती. आई म्हणते, “ताई, मुलगी हुशार आहे हे मला कळत नाही का? पण घर दोघींनी चालवावे लागते.” या उत्तरात शिक्षणाला विरोध कोठेच नाही, पैशांची तोंडमिळवणी तेवढी होत नाही.

येथून खरे काम सुरू होते. बिडी कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा १९७६ सालचा आहे आणि त्याखालील योजना पाहणारे केंद्र सरकारच्या कामगार कल्याण संघटनेचे विभागीय कार्यालय जबलपूर येथेच आहे. बिडी कामगारांच्या मुलांना या योजनेतून शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य मिळते. पण त्यासाठी आईजवळ कामगाराचे ओळखपत्र हवे, बँकेत खाते हवे आणि अर्ज मुदतीत संगणकावर भरला गेला पाहिजे. लिहिता-वाचता न येणाऱ्या, दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला हे तीन अडथळे तीन डोंगरांसारखे असतात. कार्यकर्ती ती कागदपत्रे जुळवून देते. वडील नसलेल्या गरजू मुलांसाठी ‘मिशन वात्सल्य’मध्ये दरमहा चार हजार रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे, मुलगी त्या निकषांत बसते की नाही, हे ती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे विचारते. नववीच्या शाळेत त्याच गल्लीतील आणखी तीन मुली जाणार असतील तर चौघींनी मिळून जावे, अशी जुळणी करते. आणि मामांना भेटून, कोणताही धाक न घालता, मुलीचे लग्नाचे वय कायद्याने अठरा आहे आणि त्याआधी केलेला विवाह सर्वांनाच अडचणीत आणतो, हे शांतपणे सांगते. मामांचा मान राखला गेला तर मामाच पुष्कळदा भाचीचे कैवारी होतात.

तिसरे मूल सात वर्षांचे आहे. त्याचे आईबाप बांधकामावर मजुरी करतात व दर काही महिन्यांनी गाव बदलतात. मूल शाळेच्या दारात उभे आहे, परंतु त्याच्याजवळ मागील शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, आणि मध्य प्रदेशात जवळजवळ प्रत्येक सरकारी योजनेसाठी लागणारा ‘समग्र’चा क्रमांकही नाही. हा क्रमांक कुटुंबासाठी आठ अंकी आणि प्रत्येक सदस्यासाठी नऊ अंकी असतो. मुख्याध्यापक दुष्ट नाहीत. “कागद घेऊन या, मग पाहू,” असे ते म्हणतात. आईबाप मजुरी बुडवून दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

या ठिकाणी कायदा मुलाच्या बाजूचा आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मागील शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून प्रवेश रोखताही येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवून, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणीची व्यवस्था करावी, असेही कायदा सांगतो. कार्यकर्ती हे कलम मुख्याध्यापकांपुढे आदळत नाही, ती म्हणते, “सर, मुलाला आज बसवून घ्या. कागदांच्या मागे मी लागते.” मुख्याध्यापकांचीही बहुधा एवढीच अपेक्षा असते, की कोणी तरी हे ओझे उचलावे.

या तिसऱ्या मुलाची व्यथा मराठी वाचकांना विशेष जाणवेल. नोकरीधंद्यानिमित्त जबलपूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा गावी गेलेल्या किती तरी कुटुंबांनी आपल्या मुलाला एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेच्या वर्गात बसविले आहे. पहिले काही महिने ते मूल घरी येऊन गप्प बसत असे, हे आईला आठवत असेल. ज्या घरात गोंडी किंवा बुंदेली बोलली जाते, त्या घरातील मुलाचेही वर्गातील पाठ्यपुस्तकाच्या भाषेपुढे तसेच होते. ते गप्प असते. त्याला समजत नाही असे नव्हे. आपल्या अनुभवावरून दुसऱ्याच्या मुलाची अडचण ओळखता आली, तर निम्मे काम झालेच म्हणावयाचे.

कार्यकर्तीची पथ्ये

हे काम प्रेमळपणावर चालते, पण केवळ प्रेमळपणावर चालत नाही. त्याची काही पथ्ये आहेत आणि ती शिकावी लागतात.

पहिले पथ्य असे की घरी तपासणीस म्हणून जावयाचे नाही. उतरंडीतील धान्य मोजणारी नजर माणसे लगेच ओळखतात. दुसरे पथ्य, दाता म्हणून जावयाचे नाही. वह्या-पुस्तके वाटून तात्पुरते समाधान मिळते, परंतु पुढच्या वर्षी ते घर पुन्हा वाट पाहत बसते. कुटुंबाला स्वतःच्या पायांनी कार्यालयापर्यंत जाता यावे, हे ध्येय असते. प्रथम कार्यकर्तीने अर्ज भरावा, दुसऱ्यांदा आईने तिच्या शेजारी बसून भरावा, आणि तिसऱ्यांदा आईने शेजारणीचा भरून द्यावा.

तिसरे पथ्य गुप्ततेचे. घरात ऐकलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर निघता कामा नये. एकदा विश्वास गेला की त्या गल्लीतील सर्व दारे बंद होतात. मात्र या गुप्ततेलाही एक मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे कळले, तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे. तेथे घराण्याची अब्रू, शेजारधर्म किंवा शाळेची कीर्ती यांपैकी कशाचाही मुलाजीजा ठेवावयाचा नाही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि मनाच्या व्यथांसाठी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घरातील मुलांना तोंडपाठ असावेत.

चौथे पथ्य, मुलाचे म्हणणे वेगळे ऐकावयाचे. पालक एक सांगतात, शिक्षक दुसरे सांगतात, आणि मुलाची गोष्ट तिसरीच असते. शाळेतील शौचालयाच्या दाराला कडी नाही म्हणून मुली येत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ती एखादी मुलगीच दबक्या आवाजात सांगते. अशा वेळी दुरुस्ती घराची नसते, शाळेची असते, आणि तसे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे लागते.

आज आपण कोठे आहोत?

अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेने अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक शालेय समाजकार्यकर्ता असावा, अशी शिफारस केली आहे. फिनलंडमध्ये २०२२ पासून कायद्यानेच सहाशे सत्तर विद्यार्थ्यांमागे असा एक कार्यकर्ता ठेवावा लागतो. आपल्याकडे बहुसंख्य सरकारी शाळांत असे स्वतंत्र पदच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र या कामाची निःसंदिग्ध दखल घेतली आहे. समुपदेशक किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ते शाळांशी जोडले जावेत, त्यांनी विद्यार्थी व पालक यांच्यासमवेत सातत्याने काम करावे, वस्त्यांमधून हिंडावे आणि प्रत्येक मूल शाळेत येते व शिकते याची खात्री करावी, असे त्या धोरणाच्या गळतीविषयक प्रकरणात नमूद आहे. धोरणातील हे वाक्य नेमणुकीच्या आदेशात उतरणे, एवढेच उरले आहे. पण तेच सर्वांत अवघड असते.

जबलपूरचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. शैक्षणिक मानसशास्त्र व मार्गदर्शन शिकविणारे शासकीय महाविद्यालय तेथे आहे. विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय, आदिवासी आरोग्याची संशोधन संस्था, बिडी कामगारांच्या कल्याणाचे कार्यालय, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, हे सारे एका शहरात आहे. आपल्या तीन मुलांना लागणारी जवळजवळ प्रत्येक मदत त्यांच्या घरापासून काही मैलांच्या आत उपलब्ध आहे. तरीही ते मूल आणि ती मदत यांची गाठ आपोआप पडत नाही. मधले अंतर चालून जाणारा माणूस नसेल तर शेजारच्या इमारतीतील मदतही दूरदेशी असल्यासारखी होते. सोयी निर्माण करण्यासाठी आपण पुष्कळ खर्च केला. त्या सोयींपर्यंत माणसाला हाताला धरून नेण्याचा खर्च मात्र आपल्याला अजून अनावश्यक वाटतो.

तोपर्यंत आपण काय करू शकतो?

नेमणुका होतील तेव्हा होतील. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अनुदानाशिवाय चालणाऱ्या खासगी शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असावी असे कायदा सांगतो. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. या समितीने एक साधा नियम घालून घ्यावा: कोणतेही मूल न कळविता सलग तीन दिवस आले नाही, तर चौथ्या दिवशी त्याच गल्लीतील एका पालकाने त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी. जाब विचारावयाचा नाही, विचारपूस करावयाची. पालकसभा मजुरांच्या सोयीने सायंकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी. शिष्यवृत्त्यांच्या मुदती फळ्यावर ठळक अक्षरांत लिहाव्यात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी यांनी आठवड्यातून एक तास शाळेच्या ओट्यावर अर्ज भरून देण्यासाठी बसावे. जवळ समाजकार्याचे महाविद्यालय असेल तर तेथील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी आपली शाळा देऊ करावी.

हे सर्व शिकलेल्या कार्यकर्त्याची जागा घेऊ शकणार नाही. आजारपण, अत्याचार, मनाचे विकार यांसारखे प्रश्न हौसेने हाताळावयाचे नसतात. तेथे प्रशिक्षित माणूसच हवा आणि त्यासाठी समितीने ठराव करून मागणी लावून धरली पाहिजे. परंतु शेजाऱ्याच्या मुलाची चौकशी करण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

उद्या सकाळी पुन्हा हजेरी होईल. एखादे नाव पुकारले जाईल आणि उत्तर येणार नाही. त्या वेळी वर्गातील कोणी तरी, “बाई, मला त्याचे घर ठाऊक आहे,” असे म्हणेल. त्या घराकडे सायंकाळपर्यंत कोणी गेले, तर ते मूल अजून शाळेचेच आहे. महिनाभर कोणीच गेले नाही, तर त्याला परत आणणे फार कठीण होऊन बसते. शाळेपासून घरापर्यंतचे ते अंतर अर्ध्या मैलाहून अधिक क्वचितच असते. ते वेळेवर चालून जाण्यावर एका मुलाचे सारे पुढचे आयुष्य अवलंबून असते.